"प्रेस चार्जेस" म्हणजे काय दाबलं? प्रेस आणि चार्ज, दोन शब्द आणि त्यांचे ढीगभर अर्थ

शिकवणीताई

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला घरीच शिकवणी घेते, आठवी ते दहावी, बहुतेक पोरं मराठी माध्यमाची नाहीतर सेमीची. गेल्या मंगळवारी नववीच्या बॅचला एक उतारा दिला होता, त्यात शेवटी वाक्य होतं, शी डिसायडेड नॉट टू प्रेस चार्जेस. एका मुलीने वहीत लिहिलं, "तिने चार्जिंगचे बटण न दाबण्याचे ठरवले." शेजारच्या पोराने ते मोठ्याने वाचलं, सगळा वर्ग हसला आणि ती पोरगी तास संपेपर्यंत खाली बघत बसली.

मला ते फार लागलं. कारण तिने अंदाजपंचे लिहिलं नव्हतं, तिला दोन्ही शब्द येत होते आणि येत होते म्हणूनच ती अडकली. तिच्या घरात प्रेस म्हणजे आजोबा जिथून रिटायर झाले ती प्रेस, प्रेस म्हणजे कपड्यांची इस्त्री, प्रेस म्हणजे बटण दाबणं. आणि चार्ज म्हणजे मोबाइल. यातल्या कुठल्याच अर्थाने ते वाक्य लागत नाही, मग तिने त्यातल्या त्यात जवळचा अर्थ घेतला.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि दोन्ही शब्द आपल्याकडे कुठे कुठे ऐकू येतात ते लिहून काढलं. प्रेस: छापखाना, पत्रकार, गाडीवरचं स्टिकर, इस्त्री, कारखान्यातलं मशीन, जिममधला बेंच प्रेस, प्रेस नोट. चार्ज: बॅटरी, फी, लाठीचार्ज, चार्जशीट, साहेबांनी घेतलेला चार्ज, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, आणि विज्ञानाच्या पुस्तकातला धन-ऋण. हे बघून आधी वाटलं की पाठ करून घेण्याशिवाय इलाज नाही. मग डिक्शनरीत मूळ शोधलं. प्रेस लॅटिनमधल्या दाबणे या क्रियापदातून आलाय आणि चार्ज आलाय गाडीवर माल लादणे यातून, म्हणजे कार, कॅरी, कार्गो हे सगळे त्याचे भाऊबंद. एकाच्या पोटात दाब आणि दुसऱ्याच्या पोटात भार. माझं म्हणणं असं की मुलांना चौदा अर्थांची यादी देण्यापेक्षा दाब आणि भार हे दोन शब्द द्यावेत आणि बाकीचं त्यांनाच शोधायला लावावं. मराठी मुलांना हे जमेल, कारण आपण भार शब्दाचं अगदी हेच केलंय. पदभार, कार्यभार, अधिभार. बघा ना, बॅटरीतल्या चार्जला विज्ञानाच्या पुस्तकात प्रभार म्हणतात आणि शाळेत मुख्याध्यापकांची जागा रिकामी असली की त्यांच्या जागी बसतात ते प्रभारी. शब्द तोच!

तुमच्या तुमच्या कामाच्या ठिकाणी हे शब्द कसे वापरतात ते प्लीज लिहा. मला पुढच्या मंगळवारी वर्गात खरी उदाहरणं न्यायची आहेत, पुस्तकातली नकोत.

जेलरोडचे काका

ताई, नाशिकरोडला प्रेस म्हटलं की दुसरा अर्थ मनात येतच नाही बघा. आमच्या तरुणपणी "मुलगा प्रेसमध्ये आहे" एवढं वाक्य लग्नाच्या बैठकीत पुरायचं, कुठली प्रेस हे विचारायची गरज नाही. मी तिथेच होतो, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली.

मुलांना सांगा की 1925 साली इथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, त्याआधी आपली पोस्टाची तिकिटंसुद्धा लंडनहून छापून यायची. आणि 1928 पासून इथे नोटा छापायला लागले, पहिली पाच रुपयांची. तेव्हा त्या पोरीच्या आजोबांची प्रेस हा काही किरकोळ अर्थ नाही.

आता तुमच्या दाबाबद्दल. शंभरची किंवा पाचशेची नोट घ्या, गांधीजींच्या चित्रावरून हळूच बोटाचं टोक फिरवा, खरखरीत लागेल. त्या छपाईला इंटॅग्लिओ म्हणतात. प्लेटमध्ये चित्र खोल कोरलेलं असतं, त्या खाचांमध्ये शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि मग कागद प्रचंड दाबाने त्या प्लेटवर दाबतात, एवढा की कागद खाचेत घुसून शाई उचलून आणतो. म्हणून शाई कागदाच्या वर उभी राहते. दाब कमी पडला तर हाताला काही लागणार नाही. प्रेसचा अर्थ दाब आहे हे मला डिक्शनरीत बघावं लागलं नाही, आयुष्यभर तेच बघितलं.

सातपूर_प्रेसशॉप

मी सातपूर एमायडीसीत पॉवर प्रेसवर आहे. आमच्याकडे प्रेस म्हणजे मशीन आणि तिची ओळख दाबाच्या टनात, पन्नास टनी, शंभर टनी, दोनशे टनी. खाली डाय म्हणजे साचा, वर पंच, मधे पत्रा, पंच खाली आला की पत्र्याचा ब्रॅकेट तयार. गाडीत किती पार्ट असे प्रेसमधून निघतात हे पोरांना माहीत नसतं, एकदा दाखवा त्यांना, दुचाकीच्या साखळीवरचं कव्हर दाखवलं तरी चालेल.

एक गोष्ट सांगतो, प्रेसवर प्रेस करायची दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला एक उजव्या हाताला, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही. का, तर दोन्ही हात बटणावर असले म्हणजे डायमध्ये हात नाही. माझे वडील ज्या कंपनीत होते तिथे प्रोडक्शन वाढावं म्हणून एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवलं होतं. वडिलांची दोन बोटं त्यात गेली, उजव्या हाताची. मी प्रेसवर लागलो तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, बटणं दोन्ही चालू आहेत ना. त्यामुळे त्या पोरीने प्रेस म्हणजे बटण दाबणं लिहिलं तर ते चुकीचं नाही हो ताई, आमच्याकडे तोच अर्थ सगळ्यात महत्त्वाचा आहे.

शिकवणीताई

दादा, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. हे मी मुलांना नक्की सांगणार आहे, आणि कुणाचं नाव न घेता सांगेन.

टेलरमास्तर_पंचवटी

इस्त्री आणि प्रेस एक नाही. इस्त्री ओढतात, प्रेस उचलून ठेवतात. शिवताना कॉलर नाहीतर प्लीट बसवायची असेल तर इस्त्री ओढून चालत नाही, कापड ताणलं जातं आणि आकार बिघडतो. उचलायची, ठेवायची, दाबायची, परत उचलायची. इंग्रजीत आयर्न आणि प्रेस हे दोन वेगळे शब्द त्यासाठीच आहेत असं माझ्या गुरूंनी सांगितलं होतं.

निफाडचा बागवाला

ताई, तुमच्या दोन्ही शब्दांवर माझ्याकडे आहे लिहायला.

आमच्या काही एकर बागेतला माल वायनरीला जातो. तिथे प्रेस म्हणजे द्राक्षाचा रस काढायचं मशीन. व्हाइट वाइनला द्राक्ष आधी प्रेस करतात आणि मग रस आंबवतात, रेडला सालासकट आधी आंबवतात आणि मग प्रेस करतात, कारण रंग सालीत असतो. आताच्या मशीनमध्ये आत हवेची पिशवी असते, ती हळूहळू फुगते आणि द्राक्षं ड्रमच्या भिंतीला दाबली जातात. हळूहळू का, तर जास्त दाबलं तर बी फुटतं आणि रस कडू होतो. आणि दाबायच्या आधीच जो रस आपोआप गळतो तो सगळ्यात चांगला धरतात.

मी तिथे एकदा विचारलं होतं की छापखान्याला पण प्रेस का म्हणतात, तर तिथल्या वाइनमेकरने सांगितलं की छापखान्याची पहिली प्रेस द्राक्षाच्या प्रेससारखीच होती. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी माइन्झ गाव आहे, सगळा द्राक्षाचा पट्टा, गुटेनबर्ग तिथला. 1450च्या आसपास त्याने छपाई सुरू केली ती स्क्रूची प्रेस वापरून, म्हणजे लाकडी दांडा फिरवला की मळसूत्र खाली येतं आणि पाट दाबला जातो. असल्या प्रेस तेव्हा द्राक्षासाठी, कागदासाठी आधीपासून होत्याच. मला तेव्हा फार बरं वाटलं, की नाशिकला नोटांची प्रेस आणि द्राक्षाची प्रेस दोन्ही आहेत आणि मुळात दोघी एका घरच्या.

आता चार्ज. आम्ही बोअर रिचार्ज करतो. पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये नाहीतर विहिरीत सोडायचं. कृषी खात्याचे लोक त्याला विहीर पुनर्भरण म्हणतात. रिचार्ज म्हणजे पुनर्भरण, आणि भरण म्हणजे भरणेच की. भार आणि भरणे एकच कूळ असणार असं मला वाटतं, जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ

बागवाले दादा, बरोबर आहे तुमचं, संस्कृतमध्ये भृ धातू आहे, धारण करणे, वाहणे. त्यातूनच भार, भरण, भृत्य.

आणि रिचार्जच्या उलट डिस्चार्ज घ्या. पावसाळ्यात आमच्या घरात सकाळी पहिला प्रश्न असतो, गंगापूर धरणाचा डिस्चार्ज किती? पेपरात विसर्ग लिहितात, बोलताना सगळे डिस्चार्जच म्हणतात. अमुक हजार क्युसेक ऐकून कुणाला काही कळत नाही पण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की लगेच दुकानवाले माल वर हलवायला लागतात. डिस्चार्ज म्हणजे मुळात उतरवणे, जहाजातला माल उतरवणे. धरणावरचा भार उतरवला, तो आमच्या घाटावर आला. दवाखान्यातला डिस्चार्ज पण तोच, पेशंट दवाखान्याच्या जबाबदारीतून उतरला.

कोर्टातला_एक

मी कोर्टाच्या कामात आहे एवढंच सांगतो. ताईंच्या मूळ वाक्यावर कुणी आलंच नाही म्हणून लिहितोय.

चार्ज या शब्दाचा आपल्याकडे फार घोळ होतो. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली म्हणजे चार्ज लागला असं लोक समजतात. तसं नाही. तपास झाल्यावर पोलीस जो अहवाल कोर्टात देतात ती चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र. आधी तो सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 173 खाली असायचा, 1 जुलै 2024 पासून नवीन संहितेत कलम 193. त्यानंतर कोर्ट कागद बघतं आणि दम वाटला तर चार्ज फ्रेम करतं, म्हणजे आरोप निश्चित होतात. न्यायाधीश आरोपीला ते वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि विचारतात गुन्हा कबूल आहे का. चार्ज खऱ्या अर्थाने त्या दिवशी अंगावर येतो. आणि त्याआधीच कोर्टाला वाटलं की यात काही नाही तर आरोपीला डिस्चार्ज मिळतो, मराठीत दोषमुक्त. पूर्ण खटला चालून सुटला तर ते अॅक्विटल, निर्दोष मुक्तता. पेपरात दोन्हीला "सुटका" लिहून मोकळे होतात.

आता आरोप हा शब्दच बघा. आरोपण म्हणजे वर ठेवणे, चढवणे. वृक्षारोपणातलं आरोपण. चार्जमध्ये इंग्रजांनी माणसावर ओझं ठेवलं, आरोपात आपण पण वरच ठेवलं.

आणि प्रेस! कोर्टात आम्ही हा शब्द रोज ऐकतो. वकिलाने एखादा अर्ज दिला आणि नंतर त्याला तो चालवायचा नसेल तर तो म्हणतो, "नॉट प्रेसिंग". त्यावर शेरा पडतो, नॉट प्रेस्ड, आणि अर्ज निकाली. अर्ज फाडला नाही, खोटा ठरला नाही, फक्त त्याने तो रेटला नाही. प्रेस चार्जेसमधला प्रेस हाच. त्यामुळे त्या वाक्याचं मराठी मी असं करेन, "तिने आरोप लावून न धरण्याचे ठरवले." लावून धरणे हा आपला अस्सल शब्द आहे त्यासाठी.

एक खुलासा मात्र मुलांना जरूर करा. इंग्रजी सिनेमात बाई म्हणते मला चार्ज प्रेस करायचे नाहीत आणि विषय संपतो. आपल्याकडे गंभीर गुन्ह्यात खटला सरकार चालवतं, फिर्यादीने नको म्हटलं म्हणून तो आपोआप बंद होत नाही.

शिकवणीताई

सर, लावून धरणे!! मी आठवडाभर शोधत होते तो शब्द. मी "खटला भरायचा नाही असे ठरवले" असं सांगितलं होतं वर्गात, अर्थ लागतो पण प्रेस त्यातून गायब होतो. पान वाचून झाल्यावर लक्षात आलं की खटला भरणे यात पण भरणे आहेच.

डिप्लोमा_इलेक्ट्रिकल

बॅटरीचा चार्ज कुठून आला ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आधी बंदूक. बंदुकीत दारू भरतात तो चार्ज, आपल्याकडे बार भरणे म्हणतात तेच. मग 1740च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्या काळातले बाकीचे लोक काचेच्या बरण्यांमध्ये वीज साठवायचे प्रयोग करत होते, लेडन जार म्हणतात त्याला. बरणी भरली की चार्ज, रिकामी झाली की डिस्चार्ज, बार उडवल्यासारखाच आवाज आणि ठिणगी. अशा बऱ्याच बरण्या फ्रँकलिनने एकत्र जोडल्या आणि त्याला नाव दिलं बॅटरी, जे तोफांच्या रांगेला म्हणायचे. म्हणजे आपण मोबाइलची बॅटरी चार्ज करतो त्यातले दोन्ही शब्द तोफखान्यातून आलेत. त्या मुलीला हे सांगा, तिला आवडेल.

आणि ताई, वर्गात लाइट बिल घेऊन जा. महावितरणच्या बिलात मराठीत छापलेलं असतं: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. हे सगळे चार्ज. त्याच्याखाली वीज शुल्क, तो चार्ज नाही, तो सरकारचा कर. आणि वर कुठेतरी मंजूर भार, तो लोड. एका कागदावर आकार, शुल्क, भार तिन्ही वेगळे ठेवलेत, बिल बनवणाऱ्यांनी भाषांतर फार विचार करून केलंय असं माझं मत आहे.

निवृत्त_तलाठी

आकार शब्द आमच्या महसूल खात्याचा आहे हो. सातबारावर आकारणी असते, जमिनीचा आकार इतके रुपये इतके पैसे. विजेच्या बिलात तो नंतर गेला.

चार्जवरून सांगतो, बदली झाली की चार्ज द्यायचा असतो, आणि तो तोंडी होत नाही. चार्ज यादी करावी लागते, किती रजिस्टर, किती फाइली, कपाटाच्या किल्ल्या किती, शिक्के किती, पावती पुस्तकं कितव्या नंबरपासून कितव्या नंबरपर्यंत. दोघांच्या सह्या. एक पावती पुस्तक कमी निघालं तर रात्रीचे नऊ वाजले तरी घरी जाता येत नाही. चार्ज म्हणजे ओझं हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही, सही झाली की खांदे हलके व्हायचे.

ग्रामरवाला

सगळं छान चाललंय पण मला एक शंका लिहायची आहे, राग मानू नका ताई. दाब आणि भार सांगितल्याने मुलांना मजा वाटेल, परीक्षेत मार्क मिळणार नाहीत. मी पण वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. मुलं चुकतात ती मूळ माहीत नसतं म्हणून नाही, पुढचा छोटा शब्द बघत नाहीत म्हणून. द पोलीस चार्ज्ड हिम विथ थेफ्ट, त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. द पोलीस चार्ज्ड अॅट द क्राउड, गर्दीवर धावून गेले. ही चार्ज्ड मी फॉर द बॅग, पिशवीचे पैसे घेतले. विथ, अॅट, फॉर एवढ्यावर सगळा खेळ आहे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड, मूल नर्सच्या ताब्यात. पण द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स म्हटलं तरी मूलच नर्सच्या ताब्यात. एका 'द'ने बाजू पलटते. मूळ शोधून हे कळणार नाही.

आणि इनचार्ज हे नाम म्हणून आपण वापरतो, "इनचार्ज आले का", तसं इंग्लंडमध्ये कोणी सहसा बोलत नाही, हेही सांगायला हवं.

शिकवणीताई

सर, राग कसला. विथ-अॅट-फॉरचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आणि मी ते वर्गात वेगळं घेईन. पण मूळ नुसतं मजेसाठी आहे हे मला पटत नाही. त्या मुलीला छोटा शब्द बघायला सांगितलं असतं तरी प्रेस चार्जेसमध्ये मधे छोटा शब्दच नाही. तिथे तिला कळायला हवं होतं की चार्ज म्हणजे कुणावर तरी ठेवलेलं ओझं आणि प्रेस म्हणजे ते रेटणं. मग वाक्य आपोआप लागलं असतं. दोन्ही लागतं सर.

शब्दकोश_वेडा

ताई, तुमच्या सिद्धांताला एक अपवाद आहे, तो माहीत असलेला बरा, नाहीतर एखादा हुशार मुलगा विचारेल आणि पंचाईत होईल. प्रेस्ड इंटू सर्व्हिस म्हणतात ना, पुरात बोटी प्रेस्ड इंटू सर्व्हिस, त्यातला प्रेस दाबातून आलेला नाही! चांगल्या डिक्शनरीत तो वेगळ्या नंबराने वेगळा शब्द म्हणून दिलेला असतो. जुना शब्द होता प्रेस्ट, म्हणजे सैन्यात भरती होताना आगाऊ हातात ठेवायचे पैसे, तो फ्रेंचमधून आला. पैसे हातात घेतले की तुम्ही बांधले गेलात. पुढे इंग्रजांच्या नौदलाच्या टोळ्या बंदरातल्या लोकांना जबरदस्तीने धरून जहाजावर न्यायला लागल्या, त्यांना प्रेस गँग म्हणायचे, आणि जबरदस्ती आली म्हटल्यावर लोकांना तो दाबातलाच प्रेस वाटायला लागला. दोन वेगळ्या घरचे शब्द दिसायला जुळे झाले.

मराठीत याला नेमका शब्द वेठ. वेठीला धरणे. नाहीतर कामाला जुंपणे.

शिकवणीताई

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी मुलांना सांगणार होते की प्रेसचे सगळे अर्थ दाबातले, बरं झालं तुम्ही वेळेवर लिहिलंत. आता "सगळे" शब्द काढते.

येवल्याची_मी

खूप वेळ वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. प्रेसच्या कुटुंबात एक शब्द आहे जो नाशिक जिल्ह्याच्या माणसाने विसरू नये, डिप्रेस्ड. इंग्रज काळातल्या सरकारी कागदात आमच्या समाजाला डिप्रेस्ड क्लासेस म्हणायचे, खाली दाबलेले वर्ग. आज डिप्रेशन म्हटलं की फक्त मनाचा आजार आठवतो पण तेव्हा तो शब्द माणसांच्या अख्ख्या समूहासाठी होता. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच दाबलेल्या माणसांचा, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. आणि 13 ऑक्टोबर 1935 ला आमच्या येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही.

मराठीत शब्द आला दलित. त्याचं मूळ दल्, फोडणे, भरडणे. दळण, डाळ त्याच कुळातले. म्हणजे इंग्रजी शब्दात वरून दाब आहे आणि आपल्या शब्दात जातं आहे. माझी आजी पहाटे दळायला बसायची, खुंटा धरून, जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये दाणा जायचा आणि पीठ होऊन बाहेर पडायचा. मी लहानपणी ते पीठ हाताने गोळा करायचे. दलित शब्दाचा अर्थ कॉलेजात सरांनी सांगितला तेव्हा मला पहिलं ते जातं दिसलं. माझ्या मते डिप्रेस्डपेक्षा आपला शब्द जास्त खरा आहे, दाब काढला की वस्तू परत वर येऊ शकते, पण दळलेलं परत दाणा होत नाही, त्याला नव्यानेच काहीतरी व्हावं लागतं.

जेलरोडचे काका

येवल्याच्या ताई, बरं झालं लिहिलंत.

शिकवणीताई

ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. नववीच्या मुलांना मी हा जसाच्या तसा वाचून दाखवू का? परवानगी असेल तरच.

येवल्याची_मी

दाखवा ना. आजीला बरं वाटलं असतं.

आजीचा_नातू

इम्प्रेस राहिला. इम्प्रेस म्हणजे आत दाबणे, ठसा. आपण म्हणतो छाप पाडली, ठसा उमटवला, तेच झालं की. आणि छापा म्हणजे पोलिसांचा पण छापा, नाणेफेकीतला छापा-काटा पण छापा.

चार्ज्ड अॅटमॉस्फिअरला भारलेलं वातावरण म्हणतात हे सगळ्यांना माहीत असेलच. पण आमच्या गावाकडे, सुरगाण्याच्या बाजूला, भगत नारळ नाहीतर तांदूळ भारून देतात. मंत्र म्हणून भरणे म्हणजेच भारणे. मी लहान असताना आजारी पडलो की आजी असे भारलेले तांदळाचे दाणे कागदाच्या पुडीत घेऊन यायची, उशाशी ठेवायची आणि सांगायची, जमिनीवर ठेवू नको, उतरून जाईल. आता चार्जिंग उतरलं म्हणतो तेव्हा मला तेच आठवतं, क्रियापद तेच आहे, उतरणे.

शिकवणीताई

आज मंगळवार, आत्ताच बॅच संपली म्हणून लिहितेय.

मुलांना आधी कोऱ्या करकरीत शंभरच्या नोटेवर बोट फिरवायला लावलं. मग लाइट बिल वाटलं, माझं आणि शेजारच्या काकूंचं मागून आणलेलं, आणि चार्ज कुठे कुठे आहे ते शोधायला सांगितलं. सातपूरच्या दादांची दोन बटणांची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला, एका मुलाचे वडील अंबडला प्रेसवर आहेत, तो म्हणाला मी आज घरी गेल्यावर विचारतो. येवल्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचला. जातं बघितलेलं आहे असे फक्त चार हात वर झाले.

शेवटी ते वाक्य परत फळ्यावर लिहिलं आणि काहीच न सांगता बसून राहिले. त्याच मुलीने बराच वेळ घेतला, वहीत दोनदा खोडलं आणि मग वाचलं, "तिने पुढे केस रेटायची नाही असं ठरवलं." कोर्टातल्या सरांचं लावून धरणे मी सांगितलेलंच नव्हतं, रेटणे तिचं तिनेच काढलं. मी विचारलं, आणि चार्ज कुठे गेला? तर म्हणाली, केस म्हणजेच ओझं ना बाई, ते तिने त्याच्यावर ठेवलं होतं, फक्त रेटलं नाही.

जाताना दारात थांबून तिने विचारलं की आजोबांच्या प्रेसमध्ये जुन्या माणसांना डिस्चार्ज देतात का रिटायर करतात. सैन्यात डिस्चार्ज म्हणतात एवढं मी सांगितलं. जेलरोडचे काका, तुमच्याकडे कागदावर काय लिहायचे हो?

जेलरोडचे काका

आमच्या कागदावर सेवानिवृत्त. पण शेवटच्या दिवशी माझ्या हाताखालच्या पोराला मशीन दाखवून मी म्हणालो होतो, घे बाबा चार्ज.